लांबच्या पायी वाटेबद्दल नाशिककर नेहमी विचारतात ते प्रश्न

ज्येष्ठ लागला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाला त्र्यंबकहून पंढरपूरला जाणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर निदान सिन्नरपर्यंत जायचं असतं, कुणाला श्रावणातल्या ब्रह्मगिरी फेरीची धास्ती वाटत असते, कुणाचे दीर नर्मदा परिक्रमेला निघालेले असतात आणि घरात अबोला असतो. गेली बारा वर्षं मी चालते आहे. त्याआधी बँकेत काउंटरवर बसून होते आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातसुद्धा स्कूटीवरून जायचे. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

चालल्याने माणूस खरंच बदलतो का, की ही नुसती बोलायची गोष्ट?

बदलतो. पण लोकांना वाटतं तसा डोंगरमाथ्यावर सूर्योदय बघताना नाही. मी बदलले ती पाणी मागताना.

पहिल्या वर्षी पालखीबरोबर निघाले तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. सिन्नर सोडल्यावर, दातलीचं रिंगण बघून पुढे निघालो आणि टाचेला रुपयाच्या नाण्याएवढा फोड आला. दिंडी पुढे गेली, मी मागे पडले. बाटली रिकामी. रस्त्याच्या कडेला घरं होती, पण कुणाच्या दारात जाऊन "पाणी मिळेल का" म्हणायची मला सवयच नव्हती. आयुष्यभर मी देणाऱ्या बाजूला बसलेली बाई. फॉर्म द्या, सही द्या, टोकन घ्या, पुढचा नंबर. दोन घरं मी तशीच ओलांडली. तिसऱ्या घराच्या ओट्यापाशी पाय उचलेना, तेव्हा मागितलं.

माझ्याच वयाची बाई होती. तांब्या आणि स्टीलचा ग्लास घेऊन आली. लग्नात मिळालेल्या भांड्यांवर कोरतात तसं ग्लासावर नाव आणि तारीख कोरलेली, घासून घासून अर्धी पुसलेली. पाणी पिऊन उठायला लागले तर म्हणाली, "बसा माउली, पाय बघू." घमेल्यात कोमट पाणी आणलं, त्यात मूठभर मीठ टाकलं आणि माझा पाय हातात घेतला. मी एकदम मागे ओढला. "अहो, तुम्ही नका," म्हणाले. तिने वर बघितलं आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही नाही घेतलं, तर आम्ही द्यायचं कुणाला?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पाय तिच्या हातात राहू दिला. माझ्यापुरतं चालण्याचं सगळं शिक्षण तिथून सुरू झालं. घ्यायचं कसं, हे मला माहीतच नव्हतं. ज्याला घेता येत नाही त्याच्या देण्यातही एक ताठा असतो. तो माझ्यात होता आणि तोवर मला तो दिसला नव्हता.

यात अध्यात्म कुठे आलं? हा तर व्यायाम झाला.

नाशिकच्या माणसाने हा प्रश्न विचारला की मी ब्रह्मगिरीकडे बोट दाखवते. परंपरा सांगते की विठ्ठलपंत कुटुंबासह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा घालत होते. वाटेत वाघ आडवा आला, सगळ्यांची पळापळ झाली आणि थोरला निवृत्ती चुकला. चुकलेला तो मुलगा एका गुहेत शिरला आणि तिथे त्याला गहिनीनाथ भेटले. त्यांनी त्याला नाथपंथाची दीक्षा दिली. तेच पुढे त्याने धाकट्या भावाला, ज्ञानदेवांना दिलं. म्हणजे आपल्याकडे गुरुशिष्यांची एवढी मोठी गोष्ट सुरू होते ती पायी चालताना वाट चुकलेल्या एका मुलापासून, आणि तीही आपल्या त्र्यंबकच्या डोंगरात.

आपल्या वाटेत कुणी गहिनीनाथ भेटेल असं मी कुणाला सांगत नाही. सांगते ते एवढंच. घरी ध्यानाला बसलं की मन कुकरच्या शिट्ट्या मोजतं. रोज वीस किलोमीटर चालणाऱ्या माणसाकडे ठरवायला फारसं काही उरत नाही. कुठे जायचं ते ठरलेलं, काय खायचं ते पंगतीत येईल ते, कपडे दोनच. टाळाचा ठेका, पावलाचा ठेका आणि श्वास हळूहळू एका लयीत येतात. तोंडात हरिपाठ असेल तर तोही त्याच लयीत बसतो. डोकं रिकामं करायचं म्हणून करावं लागत नाही, ते चालता चालता होतं. मग तळाशी बसलेलं वर यायला लागतं, आणि ते नेहमी गोड नसतं.

कितव्या दिवसापासून हे जाणवायला लागतं?

प्रत्येकाचं वेगळं, पण मी आणि माझ्याबरोबर चालणाऱ्या बायकांनी जे पाहिलं ते साधारण असं. पहिला दिवस उत्साहाचा. दुसरा-तिसरा फक्त शरीराचा: पोटऱ्या, तळवे, कंबर, झोप. या दोन दिवसांत देव आठवत नाही, आयोडेक्स आठवतं. चौथ्या-पाचव्या दिवशी शरीर कुरकुर थांबवतं आणि मन सुरू होतं.

माझ्या पाचव्या दिवशी मुक्काम शाळेच्या व्हरांड्यात होता. संध्याकाळी पाय पसरून बसले होते आणि अचानक आईच्या पाटल्या आठवल्या. आई गेल्यावर त्या माझ्या बहिणीने घेतल्या होत्या. अकरा वर्षं मी ही गोष्ट नवऱ्याला, मैत्रिणींना, शेजारणीला एकाच क्रमाने सांगत आले होते, आणि त्या सांगण्यात एक वाक्य मी दरवेळी गाळत होते: आईच्या शेवटच्या आठ महिन्यांत तिच्याकडे बहीण होती, मी नव्हते. त्या व्हरांड्यात ते वाक्य मला पहिल्यांदा ऐकू आलं. कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या शेजारी एक आजी वाती वळत होत्या. मी रडते आहे हे त्यांनी पाहिलं, काही विचारलं नाही, थोडा कापूस माझ्या हातात दिला. आम्ही दोघी वाती वळत बसलो.

परत आल्यावर बहिणीला फोन केला. ती काही लगेच विरघळली नाही. "आत्ता सुचलं का?" म्हणाली, आणि ते तिचं बरोबरच होतं. आमचं येणं-जाणं सुरू व्हायला दोन दिवाळ्या गेल्या. चालून आलं की सगळं सुरळीत होतं असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. चालण्याने फोन उचलायची ताकद येते, पुढचं आपल्यालाच करावं लागतं.

ट्रेक आणि पायी वाट, यात फरक काय?

मला डोंगर आवडतात. हरिहर किल्ल्याच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या मीही हातापायांनी चढले आहे. पण दिवसाच्या ट्रेकला संध्याकाळी आपण आपल्या घरी, आपल्या बाथरूममध्ये असतो. लांबच्या वाटेवर संध्याकाळी घर नसतं. दुसऱ्याच्या छपराखाली, दुसऱ्याच्या वेळेप्रमाणे झोपायचं आणि पहाटे पुन्हा निघायचं. हे सलग चार-सहा दिवस झालं की जे होतं ते एका रविवारात होत नाही. अंतर किती कापलं यापेक्षा किती रात्री घराबाहेर काढल्या, हे मी जास्त धरते.

डोंगरातच अनेक दिवस चालायचं असेल तर आपल्याकडे सातमाळा आहे. पश्चिमेला अचला, अहिवंत, मग सप्तशृंग, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप आणि पुढे राजदेर, इंद्राई, चांदवड. ही रांग टप्प्याटप्प्याने धारेवरून आणि पायथ्याच्या गावांतून चालता येते. मात्र वाटा माहीत असलेला स्थानिक माणूस बरोबर हवाच, आणि मार्चनंतर पाण्याची टाकी आटतात.

नाशिकमधून सुरुवात करायची तर कुठून करू?

घरातून. हे मी अगदी शब्दशः सांगते आहे. पहिला महिना रोज तासभर चाला. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर गोल गोल फिरण्यापेक्षा रस्त्याने कुठेतरी जाऊन परत या. गंगापूर रोडवाल्यांनी सोमेश्वरला जावं, पंचवटीकरांनी म्हसरूळला. मग रविवारी पांडवलेणी, चामरलेणी, रामशेज, अंजनेरी. पायऱ्या उतरताना गुडघे काय म्हणतात ते तेव्हाच कळतं.

त्यानंतर पहिली मोठी चाल म्हणून नाशिक ते त्र्यंबकेश्वर. अठ्ठावीस-तीस किलोमीटर, रस्ता सपाट, वाटेत चहा-पाण्याची सोय आणि थकलात तर परतायला बस. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी ठिकठिकाणच्या दिंड्या त्र्यंबकला येतात. थंडीचे दिवस असतात. नवख्या माणसाला याहून चांगला मुहूर्त नाही.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरी फेरी सगळ्यांना माहीत असते. लहान फेरी सुमारे वीस किलोमीटरची, मोठी चाळीसच्या आसपास. रविवारी रात्रीच लोक त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडावर स्नान करून निघतात. वाटेत प्रयागतीर्थ, पहिने, गणपतबारी, वर संततधार आणि खाली चिखल. माझं स्पष्ट मत आहे की पहिली फेरी त्या सोमवारी करू नये. श्रावणातल्या एखाद्या साध्या दिवशी, उजेडात करा. भातखाचरं, धुकं, ओहोळाचा आवाज हे सगळं त्या गर्दीत हरवतं. गर्दीचा आनंदही मोठा आहे, पण तो दुसऱ्या वर्षी घ्या.

चैत्रात सप्तशृंगगडाची वाट असते. रामनवमी ते चैत्र पौर्णिमा खानदेशातून माणसांचा पूर लोटतो, धुळे-नंदुरबारकडून लोक अनवाणी येतात. नाशिकहून दिंडोरी, वणी, नांदुरीमार्गे गडावर साठ-पासष्ट किलोमीटर पडतात. दोन दिवस धरा. ऊन असं असतं की अकरानंतर डांबर पायाखाली मऊ लागतं, म्हणून चाल पहाटे आणि संध्याकाळी. शिर्डीची वाट सिन्नरवरून, नव्वदच्या आसपास, तीन दिवसांची.

आणि मग पालखी. त्र्यंबकेश्वर ते पंढरपूर साधारण साडेचारशे किलोमीटर, पंचवीस-सव्वीस दिवस. नाशिक, सिन्नर, पुढे नगर जिल्हा, कर्जत, मग करमाळा तालुका आणि भीमेचा काठ. पहिल्या वर्षी पूर्ण जमलं नाही तरी त्र्यंबक ते सिन्नर चाला. मोहदरी घाट दिंडीबरोबर चढलात की गाडीतून तो पुन्हा तसा दिसत नाही.

मी देव मानत नाही. वारीत चालू शकतो का?

चालू शकता. दिंडीत कुणी तुमची परीक्षा घेत नाही. समोरचा तुमच्या पाया पडेल, तुम्हाला माउली म्हणेल, तेव्हा तुम्हीही वाकायचं, एवढंच. माझ्याबरोबर दोन वर्षं एक रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते. अभंग म्हणत नसत, पण पाण्याची कळशी रोज न चुकता उचलायचे. त्यांना कुणी कधी "तुमची श्रद्धा आहे का?" असं विचारलं नाही. एक मात्र करा. काकडा, हरिपाठ, कीर्तन यांना बसा. बाहेरून बघणाऱ्यासारखं फोटो काढत उभं राहू नका.

बूट की चपला? आणि फोड आले तर?

वापरून मऊ झालेले, अर्धा नंबर मोठे बूट. दिवसभर चालून पाय सुजतात, म्हणून बूट घ्यायचे तर संध्याकाळी जाऊन घ्या. निघण्याच्या आठवड्यात नवे बूट घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसलेला असतो. वारकरी साध्या चपलांवर शेकडो किलोमीटर जातात, कारण त्यांचे पाय वर्षभर शेतात चालतात. आपले चालत नाहीत. पावसाळ्यात मात्र ओल्या बुटांपेक्षा मागे पट्टा असलेली सँडल बरी.

नखं निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी सरळ कापा. सुती मोजे घामाने भिजून घासतात, खेळाडूंचे पातळ मोजे घ्या आणि दुपारच्या विसाव्याला जोडी बदला. खरं औषध फोड यायच्या आधीचं आहे. एखादी जागा गरम वाटली, चुरचुरली की तिथेच थांबा, मोजा काढा, चिकटपट्टी लावा. "पुढच्या गावात बघू" म्हणून मी माझी टाच घालवली. फोड लहान असेल तर फोडू नका. फारच ताणला असेल तर स्वच्छ केलेल्या सुईने कडेला भोक पाडून पाणी जाऊ द्या, वरची कातडी तशीच ठेवा, जंतुनाशक लावून झाका. दिंडीत सुई-दोरा ओवून दोरा आत ठेवायची पद्धत आहे. मी ती करत नाही, दोऱ्यातून घाण आत जाते.

सॅकमध्ये काय घेऊ?

जे घ्यावंसं वाटतं त्याच्या निम्मं. पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या दहाव्या भागापर्यंत ठेवा. अंगावरचे धरून कपड्यांचे दोन जोड, पंचा, पातळ चादर, प्लास्टिकचा कागद, टॉर्च, नेहमीची औषधं, चिकटपट्टी, खोबरेल, सुई, आधार कार्डाची प्रत, थोडे सुटे पैसे. एक ताट-वाटी. माझी पहिली सॅक नऊ किलोची होती, त्यात इस्त्रीचे कपडे होते. तिसऱ्या दिवशी अर्धं सामान नाशिककडे येणाऱ्या एका गाडीतून घरी पाठवलं. गंमत अशी की पाठवलेल्यात काय होतं ते आता आठवतही नाही, आणि तेव्हा त्यातली प्रत्येक वस्तू अत्यावश्यक होती.

खाण्यापिण्याचं काय?

तहान लागायची वाट न बघता घोट घोट पाणी प्या. घाम खूप येत असेल तर नुसतं पाणी पुरत नाही, मीठही लागतं. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ताक मिळालं तर घ्या. चक्कर, मळमळ, घाम एकदम थांबणं, यांपैकी काही झालं की सावलीत बसा आणि कुणाला तरी हाक मारा. पंगतीत वाढलेलं पोटभर खाऊन लगेच चालू नका. एवढं सांभाळलं तर पिठलं-भाकरी आणि ठेचा यावर माणूस पंढरपूरपर्यंत जातो.

मी बाई आहे, एकटी निघाले तर?

पहिल्यांदा दिंडीत या. डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बायका तुम्हाला चार वाक्यांत आपली करतात, रात्री मधोमध झोपवतात. पाळीचं सामान बरोबर ठेवा आणि त्या दिवसांत चालायचं की थांबायचं हे आपल्या शरीराला विचारून ठरवा, दुसऱ्या कुणाला नाही. खरी अडचण असते ती आंघोळीची आणि शौचाची. पहाटे तीनला उठलात तर सुटते, सहाला उठलात तर दिवसभर छळते. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून लिहिलं.

दिंडीबाहेर, आडवाटेला एकटीने जाऊ नका असंच मी सांगते. हे मला आवडतं म्हणून नव्हे. दोघी-तिघी मिळून जा.

ग्रुपने चालावं की एकट्याने?

एकत्र निघा, एकत्र मुक्कामाला पोहोचा, मधले दोन तास वेगवेगळे चाला. सतत गप्पा मारणाऱ्या ग्रुपचा गाव बदलतो, विषय बदलत नाही. माझा नियम आहे: पहिल्या चहापर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही.

मोबाइल न्यावा का?

न्यावा. रात्री घरी एक फोन करावा आणि बंद करून ठेवावा. पायऱ्या आणि किलोमीटर मोजणारं अ‍ॅप घरीच काढून टाका. त्याने आपली पुन्हा टार्गेट पूर्ण करणारी माणसं होतात.

माझं वय साठ आहे, शुगर आहे, गुडघा दुखतो. जमेल का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि विचारताना "थोडं चालायचंय" असं न सांगता रोजचे किलोमीटर सांगा. शुगर असेल तर दर मुक्कामाला तळवे उजेडात तपासा. संवेदना कमी झालेली असली की जखम कळत नाही. अनवाणी चालायचा नवस शुगरवाल्यांनी बोलू नये. बोलला असेल तर देवाला सांगून मोकळे व्हा, तो समजून घेईल. गुडघ्यासाठी काठी घ्या, उतारावर तिचा फार आधार होतो.

वयाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या एमा गेटवूड या बाईंचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. अकरा मुलांची आई, संसारात नवऱ्याचा मार खाल्लेली. १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, कॅनव्हासचे बूट घालून आणि घरी शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून अ‍ॅपलाचियन ट्रेल ही तीन हजारांहून जास्त किलोमीटरची वाट एकटीने पूर्ण केली. त्यांच्याकडे तंबू नव्हता. कधी कधी रात्री कुणाच्या तरी दारात जाऊन त्या आसरा मागत.

एवढी सुट्टी मिळत नाही.

मलाही मिळत नव्हती. पहिल्या वर्षी सहा दिवस, दुसऱ्या वर्षी जिथे सोडलं होतं तिथून पुढचे सात दिवस, असं करत चार वर्षांत मी पंढरपूरला पोहोचले. काहींना हे अर्धवट वाटतं. मला उलट वाटतं की त्या चार वर्षांत वाट माझ्या मनात सुरूच होती. ऑफिसात बसूनही मला माहीत असायचं की मी सध्या कोणत्या गावात थांबले आहे.

थेट नर्मदा परिक्रमेला निघालो तर?

नका निघू. परिक्रमा ही फार मोठी गोष्ट आहे. नर्मदा १३१२ किलोमीटर लांब, तिच्या दोन्ही काठांनी फिरायचं, म्हणजे चाल अडीच हजारांच्या पुढे जाते. मैया कायम उजव्या हाताला, तिचं पात्र कुठेही ओलांडायचं नाही, फक्त समुद्राजवळ नावेतून पलीकडे जायचं. चातुर्मासात एका जागी थांबायचं. परंपरेने तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. आज बरेच जण चार-पाच महिन्यांत करतात.

पण मी नको म्हणते ते अंतरामुळे नाही. परिक्रमावासी खिशातल्या पैशावर चालत नाही, सदावर्तावर आणि मागून मिळालेल्या शिध्यावर चालतो. नर्मदाकाठच्या शूलपाणीच्या झाडीत, ज्यांच्याकडे स्वतःपुरतंही नसतं, ती माणसं भाकरी पुढे करतात. ती भाकरी घेण्याची तयारी नसलेला माणूस हॉटेलं शोधत फिरतो आणि परत येऊन किती किलोमीटर झाले ते सांगतो. आधी सिन्नरच्या पुढे कुणाच्या तरी ओट्यावर पाणी मागा. मग ओंकारेश्वरला जाऊन संकल्प सोडा.

मागण्याचंही एक मोठेपण असतं, हे आपल्या विनोबांनी दाखवलंय. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांनी भूमिहीनांसाठी जमीन मागितली आणि गावातला एक जमीनदार १०० एकर द्यायला उभा राहिला. त्यानंतर तेरा वर्षं विनोबा पायी देश फिरले, गावोगाव मागत. गाडीतून उतरून मागितलं असतं तर कुणी दिलं असतं असं मला वाटत नाही. दमून, धुळीने भरून दारात आलेल्या माणसाला लोक नाही म्हणत नाहीत.

परदेशातल्या वाटांबद्दल खूप ऐकतो. तिकडे जावं का?

परवडत असेल तर जरूर. मी गेलेले नाही, माझी भाची स्पेनमधल्या कामिनोवर जाऊन आली. फ्रान्सच्या सीमेवरून सांतियागोपर्यंत पावणेआठशे किलोमीटर, वाटभर पिवळे बाण. तिने सगळ्यात जास्त सांगितलं ते तिच्या फोडांवर पट्टी बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांबद्दल. मी हसले, कारण ते घमेलं मला माहीत होतं. जपानमध्ये शिकोकू बेटावर ८८ मंदिरांची वाट आहे, सुमारे बाराशे किलोमीटरची. तिथे एकटा चालणाराही "आम्ही दोघे" असं मानतो, कारण कोबो दाइशी हे संत त्याच्यासोबत चालत असतात अशी श्रद्धा आहे. वारकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

मधेच सोडावं लागलं तर?

सोडा. ताप, उलट्या, पायाला सूज, घरचा निरोप, कोणतंही कारण पुरेसं आहे. विणेकऱ्यांच्या आणि माउलींच्या पाया पडा आणि एसटी पकडा. "लोक काय म्हणतील" म्हणून ओढत नेलेली वाट अंगाला लागते, आत जात नाही.

घरचे विरोध करतात, त्यांना काय सांगू?

त्यांचं ऐका आधी. माझे सासरे म्हणायचे, "घरात कामं पडलीत आणि ही निघाली देवाला." त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, सहा दिवसांचा स्वयंपाक जाऊबाईंवर पडायचा. मी ते गृहीत धरलं होतं. दुसऱ्या वर्षी निघण्याआधी जाऊबाईंना विचारलं, आणि त्या माहेरी गेल्या तेव्हा त्यांचं सगळं मी केलं. पुढे एका वर्षी त्या माझ्याबरोबर त्र्यंबकपासून नाशिकपर्यंत चालल्या. सासरे रस्त्यावर केळी वाटायला उभे होते.

परत आल्यावर फार रिकामं, उदास वाटतं. हे नेहमीचं आहे का?

हो. आठ-दहा दिवस राहतं. पंख्याखाली झोप येत नाही, गाड्यांचे आवाज टोचतात, लोकांच्या तक्रारी क्षुल्लक वाटतात. या शेवटच्यापासून सावध राहा. चालून आलेला माणूस घरच्यांना उपदेश करायला लागला की समजावं, वाट अजून पचलेली नाही.

मी दोन गोष्टी करते. रोज संध्याकाळी गोदाकाठाने अर्धा तास चालते, काही न ऐकता, काही न बोलता. आणि पालखी नाशिकमधून जाते त्या दिवशी, ज्या वर्षी स्वतः चालत नाही त्या वर्षी, दारात पाण्याचं पिंप, कोमट पाणी आणि मीठ घेऊन बसते. पाय मागे ओढणारं कुणीतरी दरवर्षी भेटतं. यंदा इंजिनिअरिंगचा एक मुलगा होता. "काकू, तुम्ही नका," म्हणाला.

पहिल्या दिवशी किती वाजता निघू?

पहाटे चारला. आदल्या रात्री नऊला झोपा, बूट दाराशी काढून ठेवा, बाटली भरून ठेवा. अंधारात वाहनं समोरून येताना दिसतील अशा बेताने रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, पाठीवर चमकणारी पट्टी लावा. त्र्यंबक रोडवर पहिला चहा साडेपाचच्या सुमाराला मिळतो. तोपर्यंत बोलू नका.